सातवी धडक

दादा,

तुझी निळी वही माझ्यासमोर उघडी आहे. तिच्यातल्या तक्त्यात आठ रकाने आहेत. पहिले सहा खरे, शेवटचे दोन खोटे. ते दोन मी मनाने भरले. हे तुला सांगायचं राहिलं आणि तुला जाऊन आज पंधरा दिवस झाले.

उद्या रविवार. सकाळी दहा वाजता मुलुंडच्या शाळेतल्या त्या वर्गात आपल्या विज्ञान मंडळाची बैठक आहे आणि तिथे तू तुझा निबंध वाचणार होतास. तेराव्याला मंडळाचे चिटणीस कर्णिकसर आले होते. हात धुता धुता मला म्हणाले, "सुमनताई, अनंतरावांचा निबंध आता तुम्हीच वाचायचा. दुसरं कोण वाचणार? आणि मंडळाच्या अंकासाठी त्यांच्यावर दोन पानं लिहून द्या." मी मान हलवली. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि वहिनी शेजारीच उभी होती.

तर ती दोन पानं म्हणून हे लिहितेय. तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरी कुठे, हे सर चौकटीत छापतील. मला त्या दोन रकान्यांचं बोलायचंय. शनिवारची दुपार आहे, वहिनी आत पडली आहे, मी तुझ्या गॅलरीत तुझ्याच स्टुलावर बसलेय. अंक वाचणाऱ्या सगळ्यांनी ही गॅलरी पाहिलेली नाही, तेव्हा त्यांना कळेल असं पहिल्यापासून सांगते. तू मध्ये तोंड घालू नकोस.

तू औषधाच्या कारखान्यात गोळ्यांना साखरेचा लेप चढवायचास. बावीस वर्षं तेच काम. मी एकदाच तुझा विभाग पाहिला, कारखान्याने घरच्यांना बोलावलं होतं तेव्हा. माणूस आत बसेल एवढी तांब्याची पॅन, तिरकी, तोंड उघडं, सारखी फिरतेय, आणि आत हजारो गोळ्या लोळतायत. मी बघत होते आणि तू म्हणालास, "बघतेस काय, येडे, ऐक ना. कान लाव." कोऱ्या गोळ्या खडखडत होत्या, एकमेकींवर आपटून उडत होत्या, कोपरे झडत होते. तू पळीने पाक ओतलास, थोडा थांबलास, मग मुठीने पावडर मारलीस. पुन्हा पाक, पुन्हा पावडर. अर्ध्या तासात खडखड गेली आणि सळसळ आली. "आता झोंबत नाहीत बघ एकमेकींना," तू म्हणालास. साहेबाकडे घड्याळ होतं, तुझं सगळं काम कानावर चालायचं.

पावडर कधी मारायची यातच तुझं कसब होतं. लवकर मारली तर ती पाकात विरते, उशिरा मारली तर ओल्या गोळ्या एकमेकींना धरतात आणि सुटत नाहीत. त्यांना तुम्ही जोड्या म्हणायचात. जोड्या झालेली पॅन टाकून द्यावी लागते. तुझ्या हातून बावीस वर्षांत एकदाच तसं झालं, पहिल्याच वर्षी, माझा मॅट्रिकचा निकाल होता त्या दिवशी. सगळं लक्ष घड्याळाकडे, पेपर आला असेल का, सुमी पास असेल का, आणि इकडे पॅनभर जोड्या! साहेबाने सगळ्यांसमोर झापलं. संध्याकाळी तू पेढे घेऊन आलास आणि खिशातून एक जोडी काढून माझ्या हातावर ठेवलीस. "ही तुझी मार्कशीट," म्हणालास. तू स्वतः मॅट्रिकवर थांबलास आणि मी पुढे शिकले, कॉलेजात प्रयोगशाळेत लागले. त्याबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही. मी बोलायला हवं होतं.

मग दोन वर्षांपूर्वी धूमकेतू आला. मंडळाबरोबर आपण भल्या पहाटे बोरीवलीला पार्काच्या कडेला जाऊन उभे राहिलो आणि पुसटसा एक डाग बघून परत आलो. "हा डाग बघायला मी शिफ्ट बदलली?" म्हणत तू रस्ताभर कुरकुरलास. पण त्या निमित्ताने मंडळात एक पाहुण्या बाई आल्या. त्यांचं काम उल्कांवर. त्यांनी उल्केचा कापून गुळगुळीत केलेला पातळ तुकडा आणला होता आणि भिंगाखाली एकेकाला दाखवत होत्या. आत मोहरीएवढे, कुठे त्याहून मोठे गोल मणी. प्रत्येक मण्याभोवती काळसर, बारीक धुळीची साल.

तू भिंगावरून उठेनास. मागे रांग लागली, लोक खाकरायला लागले. शेवटी तू मान वर केलीस आणि विचारलंस, "बाई, यांना पावडर कोणी मारली?"

सगळे हसले. मीही हसले, आणि थोडी लाजलेही, ते आता कबूल करते. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी नीट सांगितलं. सूर्य नुकताच होत होता, भोवती वायू आणि धूळ यांची मोठी चकती फिरत होती. तिच्यात दगडाचे थेंब वितळले, थंड झाले, त्यांचे हे कडक मणी झाले. धुळीतून फिरताना मण्यांच्या अंगाला धूळ लागत गेली. मग मणी मण्यावर आपटले, जमत गेले, वाढत गेले, आणि शेवटी आपल्या पायाखालची ही पृथ्वी. "पण कडक मणी आपटले तर उडायला हवेत," बाई म्हणाल्या, "ते चिकटले कसे, यावर आमच्यातही एकमत नाही."

तेवढं वाक्य तू घरी घेऊन आलास. जिना चढतानाच मला म्हणालास, "सुमी, ती धूळच. मार ती खाते."

"अरे पण तुझी पावडर तर गोळ्या चिकटू नयेत म्हणून असते ना!" मी म्हटलं. "तूच सांगतोस, पावडर चुकली की जोड्या होतात. मग धुळीने मणी चिकटतात कसे? उलटंच बोलतोयस."

"ते ओल्याचं झालं. तिथे पाक आहे, पाक धरतो. वर आभाळात पाक कुठला? सगळं कोरडं. कोरड्यात धक्का कोणीतरी पोटात घ्यायला पाहिजे, नाहीतर मणी उडणार. धूळ पोटात घेते."

"सिद्ध कर."

"करतो."

आपलं भांडण ते तिथून सुरू झालं आणि अजून संपलेलं नाही. मी म्हणायचे की मणी मोहरीएवढे आणि तुझ्या गोट्या आवळ्याएवढ्या, वर हवा नाही आणि इथे हवा, तिथले वेग वेगळे. तू म्हणायचास, "तू कॉलेजात शिकलीस म्हणून तुला अडचणीच दिसतात." मला ते लागायचं. तुला माहीत होतं लागतं ते, म्हणून नंतर चहा तू करायचास.

गॅलरीत तुझी ती लाकडी चौकट अजून उभी आहे. दोन गोट्या, प्रत्येकीला दोन दोरे, एक टांगायला, एक खेचायला, मागे आलेखाचा कागद चिकटवलेला. दोन्ही गोट्या दोन बाजूंना सारख्या खेचायच्या, खेचलेले दोरे वरच्या एका खिळ्याला एकत्र बांधायचे आणि काडीने ती गाठ जाळायची, म्हणजे दोन्ही एकाच क्षणी सुटतात. ही युक्ती तुझी. मला कॉलेजात कोणी सुचवली नसती. धडक झाली की गोटी किती घरं मागे उडाली ते कागदावर बघायचं. उघड्या गोट्या बारा घरांवरून सोडल्या तर अकरा घरं परत उडायच्या. खण्णकन आवाज यायचा आणि खालच्या मजल्यावरून मालूमावशी ओरडायची, "एवढो घोडो झालो तरी गोटये खेळता!"

मग तू लेप चढवलेस. पितळेची परात मांडीवर तिरकी धरून, वहिनीच्या पातळ साडीच्या तुकड्यातून चाळलेली अंगाची पावडर घेऊन. पहिला थर डिंकाच्या पाण्यावर, पुढचे किटलीच्या नुसत्या वाफेवर. परात हलवायची, गोटी लोळू द्यायची, आणि कान द्यायचा. तासभर. "दाबला तर बसला पाहिजे, फुंकलं तर उडता कामा नये," एवढंच तुझं सूत्र. तांदळाच्या दाण्याएवढ्या जाडीचा तो लेप इतका हलका असायचा की मला हात लावायची परवानगी नव्हती. पाच जोड्या केल्यास. प्रत्येक जोडीत एक हिरवी गोटी आणि एक दुधी. हिरवी तुझी, दुधी माझी, हे तूच ठरवलंस, म्हणजे भांडणात कोण जिंकलं ते कळेल म्हणे.

पहिल्या धडकेला गोट्या जेमतेम दोन घरं उडाल्या. आवाज नाही, नुसतं फस्. तू उडी मारलीस. "झकास! बघ, खाल्ला की नाही मार!" मी मान्य केलं, तेवढ्यापुरतं. दुसऱ्या धडकेला तीन घरं. तिसऱ्याला चार. लेप जिथे आपटत होता तिथे दबून चपटा होत होता, कडक होत होता, आणि कडक झाला की कमी धक्का पोटात घेत होता. सहाव्या धडकेपर्यंत सात घरं. तू वहीतल्या आकड्यांवरून एकदा बोट फिरवलंस. मग म्हणालास, "म्हणजे धुळीलाही हिशेबात मार खाता येतो. पुढे जागा उरत नाही तिच्यात." चार जोड्यांवर सहा सहा धडका आपण दोघांनी मिळून मोजल्या, दोन रविवार लागले. तिथपर्यंत वहीतला एकेक आकडा खरा आहे, देवाशपथ.

तिसऱ्या रविवारी सातवी आणि आठवी धडक मारायची होती. सकाळची वेळ, आणि साडेनऊला टीव्हीवर ती मालिका. रस्ते ओस पडायचे तेव्हा. बरोबर नऊ पंचवीसला मालूमावशीचा आवाज आला, "अनंता, माझो टीवी परत नाचाक लागलो रे! वयर जा आणि तो एंटेना फिरव बघू!" तू काड्यापेटी माझ्या हातात दिलीस. "सुमी, सातवी नि आठवी तू घे. घाई नको. गाठ नीट बांध," म्हणालास आणि गच्चीवर गेलास.

मी एक गाठ बांधली. ती सुटली. दुसरी बांधली, ती तिरकी बसली. खालून मालिकेच्या सुरुवातीचं संगीत ऐकू आलं, वहिनीने हाक मारली, "सुमनवन्सं, चला, सुरू झाली!" आणि मी काय केलं, दादा? पेन घेतलं आणि आठ रकान्यांच्या तक्त्यात चार जोड्यांपुढे सातवीला साडेआठ-नऊ आणि आठवीला दहाच्या आसपास असे आकडे टाकले. रेघ तशीच वर चालली होती, तेव्हा पुढेही तशीच जाणार, असं स्वतःला सांगितलं. वर्षाला शंभर पोरांचे प्रयोग मी तपासते. पोरं आकडे ढापतात तेव्हा मला लांबून कळतं, आणि मी त्यांना उभं करते.

एवढ्यावर थांबले नाही. गोट्या धडकल्यासारख्या दिसायला हव्यात म्हणून मी त्या लेपाचा चपटा भाग अंगठ्याने थोडा आणखी दाबला. आठही गोट्यांना. मग खाली जाऊन मालूमावशीच्या पलंगाच्या कडेला बसून मालिका बघितली. तू गच्चीवरून ओरडत होतास, "आलं का चित्र? आता?" आणि सगळ्यांबरोबर मीही ओरडत होते, "आलं, आलं!"

दुपारी तू भिंग घेऊन एकेक गोटी पाहिलीस. बराच वेळ. मी आत पोळ्या लाटत होते आणि लाटणं हातात फिरेना. तू आत आलास, पाणी प्यालास, म्हणालास, "आकडे छान आले गं." बस्स. त्यानंतर तू त्या आठ गोट्या पुसून टाकल्यास आणि धुतल्यास, पुन्हा कधी लेप लावायला म्हणून. आता त्यांच्यावर काही शोधायची सोय नाही.

ह्याला आठ महिने झाले. दर रविवारी मी ठरवून यायचे, आज सांगायचं. तू निबंध लिहीत होतास, खोडत होतास, मला वाचून दाखवत होतास. शेवटचं वाक्य तू किती प्रेमाने लिहिलंस: सातव्या-आठव्या धडकेपर्यंत लेप दगडासारखा होतो आणि गोटी उघड्या गोटीसारखीच उडते, म्हणून धुळीत जीव होता तोवर जे मणी चिकटले तेच चिकटले. वाचून माझ्याकडे बघायचास. मी म्हणायचे, "वाक्य लांब आहे." पृथ्वी कशी झाली त्या वाक्याखाली माझा अंगठा होता आणि मी तुला स्वल्पविराम सांगत होते.

मग त्या शुक्रवारी सकाळी कारखान्यात जायला निघालास, चपला घालायला वाकलास आणि उठला नाहीस. मी घाटकोपरहून येईपर्यंत सगळं संपलं होतं.

दहाव्याला मला वाटलं होतं कावळा शिवायला वेळ लागेल. तुझं काहीतरी राहिलंय हे मला ठाऊक होतं. मी हात जोडून तयार उभी होते, मनात वाक्यही जुळवून ठेवलं होतं, की सातवी आणि आठवी मी मारीन, खरी मारीन. माझ्यासारखी प्रयोगशाळेतली बाई, आणि कावळ्याला वचन द्यायला निघालेली! पण पिंड ठेवून मागे सरतो न सरतो तोच कावळा आला आणि शिवला. भटजी म्हणाले, "पुण्यवान माणूस, कशात जीव अडकला नव्हता." सगळ्यांना बरं वाटलं. मला मात्र काहीच करायला उरलं नाही. 

ह्या आठवड्यात मी इथेच आहे. गुरुवारी तुझी परात काढली. पावडर चाळली, किटली ठेवली आणि लेप चढवायला बसले. पहिल्या जोडीचा लेप वाळताना भेगाळला. दुसऱ्या जोडीचा एका बाजूला जाड, एका बाजूला नाहीच. तिसरा उचलताना गळून पडला. माझा हात घाई करतो, दादा. मी कान लावून बसले पण मला फक्त परातीचा आवाज येतो. तुला काय ऐकू यायचं ते मी कधी विचारलंच नाही.

काल वहिनीने कपाट आवरताना तुझा बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून दिला. आत कापूस. कापसात ती माझ्या निकालाच्या दिवसाची गोळ्यांची जोडी, पिवळी पडलेली. आणि पाचवी जोडी. हिरवी आणि दुधी. लेप जसाच्या तसा, एकही धडक न खाल्लेला. आपण चारच जोड्या वापरल्या होत्या, ही पाचवी तू बाजूला ठेवली होतीस आणि मी विसरून गेले होते.

तेव्हापासून मी तो डबा कितीदा उघडला आणि मिटला त्याला सुमार नाही. ही एक जोडी आपटली तर मला खरे आकडे मिळतील. आपटली नाही तर उद्या मला खोटे वाचावे लागतील, किंवा उभं राहून नुसतं "मला माहीत नाही" म्हणावं लागेल. पण आपटली की ती संपली. तुझ्या हाताचं असं काम दुसरं कुठे आहे? बावीस वर्षं तू लेप चढवलेस आणि ते सगळे लोकांनी पाण्याबरोबर गिळले. राहिलेत ते एवढेच. लेपावर भिंग धरलं तर थर दिसतात, एकावर एक. तू तास तास परात हलवलीस ते दिसतं. ते मी काडी लावून आपटू?

आणि दुसरी भीती त्याहून वाईट आहे. आकडे वेगळे आले तर? तुझं ते वाक्य कोसळेल, आणि तू उत्तर द्यायला नाहीस. माझ्या अंगठ्यामुळे तू चुकीचा ठरशील.

मघाशी तीन वाजता वहिनी उठली. तिने चहा ठेवला आणि गॅलरीत माझ्यासमोर कप घेऊन उभी राहिली. मी तिला सगळं सांगितलं. मालिका, गाठ, अंगठा, सगळं. सांगताना रडले. ती ऐकत होती. मग म्हणाली, "हे कधीतरी म्हणाले होते हो मला. भांडी घासत होते मी. म्हणाले, सुमीच्या हातचे आकडे फार सरळ येतात."

"म्हणजे? त्याला कळलं होतं?"

"ते मला काय माहीत, वन्सं? मला वाटलं कौतुक करतायत."

"मग ही जोडी त्याने का ठेवली बाजूला? सांग ना. पाचवी का नाही वापरली?"

"मला खरंच नाही माहीत." तिने कप ठेवला. "पण ठेवून द्यायच्या असत्या तर देवाजवळ ठेवल्या असत्या. ह्या काड्यापेटीच्या डब्यात होत्या."

मी डब्यात पुन्हा पाहिलं. खरंच, कापसाखाली काड्यापेटी होती. खरं तर ती तिथे नेहमीच असायची, दोऱ्याचं रीळ आणि काड्यापेटी त्याच डब्यात ठेवायची तुझी सवय. त्यातून काही सिद्ध होत नाही. मी वहिनीला तसं म्हणालेही. ती म्हणाली, "मग आता करायचं काय? संध्याकाळी उजेड जाईल."

दादा, मी मारल्या. वहिनीने काडी ओढली आणि मी कागदावर डोळे लावले. गाठी मी बांधल्या, प्रत्येक गाठ दोनदा तपासली. पहिल्या धडकेला फस् झालं आणि वहिनीने तोंडावर हात घेतला, कारण हा आवाज ती दोन रविवार स्वयंपाकघरातून ऐकत होती. दोन घरं. मग तीन. मग चारच्या आसपास. तुझे सहा रकाने जसे होते तसेच येत गेले. सहावीला सात घरं. पुढची गाठ दोनदा सुटली. वहिनी म्हणाली, "थांबा जरा, पाणी प्या." मी पाणी प्याले. खाली मालूमावशीचा टीव्ही बंद होता.

सातवी धडक. चार घरं.

मी म्हटलं, चुकलं काहीतरी. गोट्या हलायच्या थांबल्या तेव्हा वाकून पाहिलं. हिरव्या गोटीच्या लेपाचा एक पापुद्रा, नखाएवढा, सुटून दुधी गोटीला चिकटला होता. दबलेला कडक भाग गेला होता आणि हिरवीवर खालचे तुझे जुने थर उघडे पडले होते, अजून मऊ, अजून मार खाता येतील असे. आठवीला साडेचार. पापुद्रा पडला नाही.

म्हणजे लेप संपत नाही, दादा, निदान ह्या जोडीत तरी नाही. तो इकडचा तिकडे जातो आणि दोन्ही गोट्या बदलतात. तुझं शेवटचं वाक्य चुकलं आहे, आणि ते माझ्यामुळे चुकलं. मी सात आणि आठ तेव्हाच मारल्या असत्या तर हा पापुद्रा तू पाहिला असतास. तू काय केलं असतंस ते मला ठाऊक आहे. आधी अर्धा तास भिंगावर, मग जिन्यातून ओरडत खाली, "मालूमावशे, वर ये, वाट लागली माझ्या निबंधाची!" आणि तोंड हे एवढं हसरं. ते मी तुझ्याकडून काढून घेतलं. बाकी कशाहीपेक्षा मला तेच जास्त लागतं.

एका जोडीने काही सिद्ध होत नाही, हे मी तुला दोन वर्षं सांगत आले, तेव्हा स्वतःलाही सांगते. आणखी जोड्या लागतील. त्यासाठी कोणीतरी परात हलवायला शिकायला हवं. मी पुढच्या रविवारपासून बसणार आहे, कितीही गोट्या वाया गेल्या तरी. वहिनी म्हणते तिला परातीचा आवाज ओळखू येईल, तिने आतून ऐकलेला आहे.

उद्या मी तुझा निबंध सहाव्या रकान्यापर्यंत वाचेन. मग थांबून सांगेन की पुढचे दोन आकडे माझे होते आणि खोटे होते, आणि मालिकेचंही सांगेन. कर्णिकसरांचा चेहरा कसा होईल ते मला आत्ताच दिसतंय. माझ्या कॉलेजातली दोन मुलंही येतात बैठकीला. त्यांच्यासमोर उभं राहायचं आहे. सर, ही दोन पानं अशीच छापा, काही गाळू नका.

गोट्या मी दोऱ्यांसकट उतरवल्या आणि कापसात ठेवल्या. डबा उद्या टेबलावर उघडा ठेवणार आहे, ज्याला बघायचं त्याने भिंग घेऊन बघावं. तुझ्या हिरव्या गोटीवरचा पापुद्रा माझ्या दुधी गोटीला चिकटून आहे. मी त्याला हात लावलेला नाही.